पसंतीक्रम एक

बी.एस्सी. झाल्यावर माझी पहिली नोकरी मेहकरच्या बसस्टँडसमोरच्या एका ऑनलाइन सेंटरवर होती. एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. मालक दिवसभर तहसीलमध्ये दाखल्यांच्या मागे असायचे, त्यामुळे सेंटर मीच सांभाळायची. पहाटे वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी क्लार्कच्या परीक्षेचं वाचायची आणि दहा वाजता शटर उघडायची. आई अंगणवाडीत मदतनीस होती. तिला कुणी विचारलं तर ती सांगायची, "पोरगी कॉम्प्युटरवर हाये." त्यात तिला समाधान होतं, आणि तेव्हा मलाही होतं.

जून-जुलैत आमच्याकडं बसायला जागा नसायची. बारावीचा निकाल, मग सीईटीचा निकाल, मग इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म म्हणजे ऑप्शन फॉर्म. मुलानं त्यात आपल्या आवडीची कॉलेजं ओळीनं टाकायची, पहिल्या पसंतीचं सगळ्यात वर, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेला एक लांबलचक कोड असतो. कॉम्प्युटर त्या मुलाच्या मार्कांप्रमाणे वरून खाली पाहत येतो आणि जिथं जागा मिळेल तिथं थांबतो. यात एक गोष्ट मी दिवसातून चाळीस वेळा तरी सांगायची. यादीतलं पहिलंच कॉलेज मिळालं, तर ते पक्कं. पुढच्या फेऱ्यांमध्ये मग बदल मागता येत नाही. "एक नंबरले तेच टाका, जे मिळालं तं मागं वळून पाह्यचं नाही," असं मी म्हणायची. बाकावरचे बाप माना डोलवायचे.

त्या वर्षी एक मुलगी लोणारच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून यायची. वडील मेहकर डेपोला एसटीवर ड्रायव्हर होते. ती येताना एक लांब वही घेऊन यायची. मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजची यादी किती मार्कांवर बंद झाली, ते तिनं त्यात उतरवून काढलं होतं. कॉलेजचं नाव निळ्या शाईत, कोड लाल शाईत. असा अभ्यास करून आलेलं पोरगं मी त्या हंगामात दुसरं पाहिलं नाही. तिनं लातूरचे क्लास केले नव्हते, पुण्याचे केले नव्हते. गावातल्याच शाळेत, मग तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकून तिला इतके चांगले मार्क पडले होते की मालकांनी तिला पेढा दिला.

तिला पुण्याचं एक जुनं कॉलेज हवं होतं, कॉम्प्युटर शाखा. मी विचारलं, "पाहिलं आहेस का ते?"

"बाहेरून पाह्यलं. नववीत होती तवा पप्पाले पुण्याची ड्युटी होती. मले घेऊन गेले होते. गाडी डेपोत लावली आन् मंग रिक्षानं घेऊन गेले. म्हणे, हे पाह्य, इथं हुशार पोरं शिकतात."

वडील बाजूलाच बसले होते.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दोघं आले. वडील सरळ ड्युटीवरून आले होते, अंगावर खाकी होती. पाच वाजता साइट बंद होणार होती. मुलगी वहीतून एकेक कोड वाचत गेली आणि मी टाकत गेले. एकूण चौदा कॉलेजं झाली. पुण्याचं सगळ्यात वर. आपल्या जिल्ह्यातलं, घरून बसनं जाणं-येणं करता येईल असं कॉलेज अकराव्या नंबरला. "असू द्या, एखादं जवळचं पाह्यजे," असं म्हणत तिनंच ते सांगितलं होतं. मी यादी सेव्ह केली. पक्कं करायचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, कारण तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता.

"पाच मिन्टं ताई, आलीच," म्हणून ती समोर स्टँडवर बाथरूमला गेली.

ती रस्ता ओलांडेपर्यंत वडील तिच्याकडं पाहत राहिले. मग बाकावरून उठून माझ्या खुर्चीजवळ आले.

"ताई, एक काम करा. ते आपल्या इकडचं कॉलेज हाये ना, ते वर घ्या. एक नंबरले."

मला वाटलं त्यांना नीट समजलेलं नाही. मी म्हटलं, "काका, तसं केलं तर तेच मिळेल. पुण्याचा विचारच होणार नाही."

"माहीत हाये मले. तीन दिवसापासून आयकून राह्यलो मी, तुम्ही सगळ्यायले सांगता ते."

"पण तिला पुणं—"

"तिले लय सांगून पाह्यलं. आयकत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "पोरगी तिकडं गेली तं माझं गाडीवर ध्यान नाही राह्यत, ताई. मागं पन्नास माणसं बसेल असतात. तुम्हीबी कोणाची लेकच हा. समजून घ्या."

मी समजून घेतलं. म्हणजे काय केलं, तर माउस हातात घेतला. मी बावीस वर्षांची होते. समोर बापाच्या वयाचा माणूस उभा होता आणि तो काही वाईट बोलत नव्हता. ओटीपी त्याच्याकडं होता, त्यानं दिला नसता तर फॉर्म तसाच राहिला असता, असंही मी नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी हे काहीच डोक्यात नव्हतं. मोठ्या माणसानं सांगितलं आणि मी केलं, इतकंच झालं. यादीतल्या नावापुढं वर जायचा एक छोटा बाण असतो. एकदा दाबला की नाव एक पायरी वर चढतं. मी तो दहा वेळा दाबला. काकांनी ओटीपी वाचून दाखवला. मी पक्कं करून टाकलं.

ती परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. कपाळावरचे केस ओले होते.

"झालं, ताई?"

"झालं."

प्रिंट निघाली ती काकांनी घेतली, चार घड्या घालून खिशात ठेवली. ती म्हणाली, "पाहू द्या ना पप्पा." ते म्हणाले, "घरी पाह्य, गाडी सुटते." तो कागद घरी पोचलाच नाही. ड्युटीत कुठंतरी पडला, असं त्यांनी तिला सांगितलं, हे मला पुढं कळलं.

जागावाटपाची यादी लागली त्या दिवशी ती सकाळीच आली. मागोमाग काका. मी तिचं पत्र काढून दिलं. त्यावर जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव होतं, शाखा होती आणि खाली एका चौकोनात लिहिलं होतं, पसंतीक्रम १.

तिनं ते वाचलं. मग वही उघडली. एका हातात पत्र, एका हातात वही, असं कितीतरी वेळ ती पाहत होती. बाकावर आणखी चार-पाच जण बसले होते, त्यांचीही पत्रं काढायची होती.

"ताई, हे एक नंबरवर कसं आलं?"

मी काकांकडं पाहिलं. ते पायरीवर उभे राहून रस्त्याकडं पाहत होते.

"मी वाचताना ओळ चुकली का?" तिनं विचारलं. "पयल्यांदा वाचताना मी वहीचं पान पलटवलं होतं. तवा ओळ चुकली असंन का?"

हे कारण तिनं मला स्वतः होऊन दिलं. मला खोटं रचावंसुद्धा लागलं नाही.

"असेल," मी म्हटलं.

ती रडली नाही. खाली बसली. वही मिटून पिशवीत ठेवली आणि पुन्हा काढून तेच पान पाहिलं. काका आत आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. जवळच्या जवळ हाये. शिकणाऱ्याले सगळं सारखंच." ती उठली आणि त्यांच्यामागं गेली. मी पुढच्या मुलाचं पत्र काढायला घेतलं.

पुढच्या काही दिवसांत कुठल्या कॉलेजची यादी किती मार्कांवर बंद झाली ते साइटवर आलं. मी पुण्याचं ते कॉलेज शोधलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. तिला ते पहिल्याच फेरीत मिळालं असतं.

त्यानंतर तीन वर्षं गेली. मी क्लार्कची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. दर जूनला सेंटरवर तीच गर्दी, तेच कोड. मी कामात चांगली होते. दूरदूरचे लोक मला विचारत यायचे, त्या ताईच्या हातचा फॉर्म चुकत नाही म्हणून. असं कुणी म्हटलं की मी प्रिंटरकडं वळायची आणि उगाच कागद सारखे करायची. या गोष्टीबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

चौथ्या हंगामात ती पुन्हा आली. सोबत धाकटा भाऊ होता, त्याची बारावी झाली होती. काकाही होते, त्यांचे केस बरेच पिकले होते. तिला आता चष्मा लागला होता. तिनं हसून विचारलं, "ओळखलं का ताई?" तिच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, ते मला जास्त जड गेलं.

भाऊ कोड वाचायला लागला तर तिनं त्याच्या वहीवर एक प्लास्टिकची पट्टी ठेवली. "पट्टीच्या खालचं वाचू नको. एक ओळ झाली का मंग सरकव."

"इतकं काय वं ताई," तो म्हणाला.

"माह्यासारखं होईन तुव्ह. मी एका ओळीनं गेली." मग माझ्याकडं वळून, जसं काही एखाद्या जुन्या गमतीबद्दल सांगावं तसं तिनं सांगितलं, "तवापासून सवयच लागली मले, ताई. पेपरमध्येबी प्रश्न पट्टी ठेवून दोनदा वाचते. मागच्या महिन्यात कॉलेजात कंपनी आली होती, नोकरीसाठी परीक्षा घ्याले. ती कॉम्प्युटरवर. तिथं पट्टी कशी ठेवशीन? बोट ठेवून वाचलं. टाइम संपला, माहे वीस प्रश्न राह्यले. येत होते सगळे."

भावानं सगळे कोड वाचले. मी यादी सेव्ह केली. तिनं ती मला मोठ्यानं वाचायला लावली, मग स्वतः वाचली. तेवढ्यात काका बाकावरून म्हणाले, "याचं पुण्याचं वर राहू द्या, ताई. पोराचं काही नाही, राहीन तो कुठंबी."

मला त्यांचा राग आला असं मी लिहू शकते, पण ते खरं नाही. ते अगदी साधेपणानं बोलले होते. मला फक्त तिचं बोट दिसत होतं, स्क्रीनवर एकेका ओळीखाली ठेवलेलं. माउसवरचा माझा हात थांबला.

"तू ओळ चुकली नव्हतीस," मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही. "कोण, मी?"

"तीन वर्षांपूर्वी. तू बरोबर वाचलं होतंस. पुणं वरच होतं. तू बाथरूमला गेलीस तेव्हा मी अकराव्या नंबरचं कॉलेज वर घेतलं. काकांनी सांगितलं म्हणून. मग तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

एका दमात मी इतकं बोलले. भाऊ एकदा बहिणीकडं, एकदा बापाकडं पाहायला लागला.

"पप्पा?" ती म्हणाली.

काका उठले नाहीत. "हाव," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच म्हटलं होतं."

मला वाटलं ती ओरडेल, किंवा निघून जाईल. ती स्क्रीनकडं वळली. "अगोदर याचा फॉर्म होऊ द्या," तिनं म्हटलं. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला. तिनं तो सांगितला, मी टाकला. प्रिंट घेऊन तिनं पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली, भावाच्या हातात दिली आणि दोघं बाहेर गेली.

काका मागं राहिले.

"तीन वर्ष झाले होते," ते म्हणाले. "आता काऊन सांगतलं?"

"ती पट्टी ठेवून वाचते, काका."

"ते तं..." ते थांबले. "मले वाटे, अभ्यासाची पद्धत आसंन."

मग टोपी उचलून ते गेले.

आठवड्याभरानं ती एकटी आली. दुपारची वेळ होती, सेंटर रिकामं होतं. मी बाकाकडं हात केला, पण ती उभीच राहिली.

"मिळालं असतं का?" तिनं विचारलं.

"मिळालं असतं. पहिल्याच फेरीत."

"मी पाह्यलं होतं तवाच. तुमच्याकडून आयकायचं होतं." मग म्हणाली, "वर न्याले किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट. दहा क्लिक."

तिनं मान हलवली, जणू हिशोब जुळला. "पप्पाशी बोलली मी. भांडली. लय भांडली. पण त्यायचं मले समजते, ते भेतात. आई म्हणते, मी कॉलेजातून यायच्या टायमाले ते अजूनबी फाट्यावर येऊन उभे राह्यतात, ड्युटी नसली का. तुमचं नाही समजलं मले."

"मला त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही."

"ते ठीक हाये. त्या दिवशी पप्पा व्हते तुमच्यासमोर. पण मी विचारलं ना तुम्हाले नंतर, ओळ चुकली का म्हणून. तवा तं पप्पा काहीच बोलले नाही. तुम्ही बोलल्या."

मी म्हटलं, "चुकलं माझं." ते शब्द इतके लहान वाटले की मी खाली पाहिलं. ती आणखी थोडा वेळ थांबली, कदाचित मी अजून काही बोलेन म्हणून. मग पायऱ्या उतरून स्टँडकडं गेली.

त्या संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. ते चांगले माणूस होते, मला काढलं नाही. फक्त म्हणाले, "सगळेच बाप सांगतात वो असं. आपण फॉर्म भरणारे." मी त्यांना म्हटलं, यापुढं ऑप्शन फॉर्म असेल तर मूल माझ्या खुर्चीवर बसेल आणि शेवटचं बटण तेच दाबेल. ते नसेल तर मी भरणार नाही. त्यांना ते पटलं नाही, पण चालवून घेतलं. काही लोक उठून शेजारच्या सेंटरवर गेले. एकदा एका मुलीची आई माझ्याशी खूप भांडली. मुलगी खुर्चीवर बसून दोघींकडं पाहत होती, आणि शेवटी तिनं आईच्याच मनासारखं बटण दाबलं. मी प्रिंट काढून दिली. ते तिनं दाबलं होतं.

पुढच्या वर्षी मी क्लार्कची परीक्षा पास झाले. आता मी एका कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विभागात बसते. नवीन मुलं येतात, बरोबर आईबाप येतात. बाप बोलतो आणि मूल मागं उभं राहतं. मी मुलाला पुढं बोलावते. माझ्या सहकाऱ्यांना वाटतं मी कडक आहे.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला तिच्या भावाकडून कळत राहिलं. तो पुण्याला शिकायला गेला, आणि सुट्टीत आला की कधी स्टँडवर भेटायचा. कॉलेजातून तिला नोकरी लागली नाही. वर्षभर घरी बसून तिनं अर्ज केले, ऑनलाइन परीक्षा दिल्या. मग पुण्यात एका लहान कंपनीत लागली. काका रजा काढून तिला सोडायला गेले आणि दोन दिवस भावाच्या खोलीवर राहून आले. परत आल्यावर त्यांनी डेपोत अर्ज देऊन पुण्याची ड्युटी मागितली. ती त्यांना मिळाली की नाही, हे भावाला ठाऊक नव्हतं.

ती पुण्याच्या नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी भावाकडून तिचा नंबर घेतला. काय बोलायचं ते दोन दिवस मनात घोळवलं. दुपारच्या सुट्टीत ऑफिसमागच्या लिंबाखाली उभं राहून फोन लावला. तिनं उचलला. मी नाव सांगितलं. मागं माणसांचे आवाज होते, कुणीतरी हसत होतं.

"हां, बोला ताई," ती म्हणाली. मग लगेच, "मी जरा मीटिंगमध्ये आहे. मला वेळ मिळाला की मीच करते."

तिनं "मले" म्हटलं नाही, "मला" म्हटलं. आवाज कोरडा नव्हता, जवळचाही नव्हता. मी बरं म्हटलं.

त्या आठवड्यात मी फोन सतत हाताशी ठेवला. नंतर नेहमीसारखा पर्समध्ये ठेवायला लागले. तिचा फोन आलेला नाही. मीही पुन्हा लावला नाही. लावावा असं कधीकधी वाटतं, पण तिनं मीच करते असं म्हटलेलं आहे.